जुनी विद्युत मापनयंत्रे : ओळखावीत कशी, हाताळावीत कशी



भौतिकशास्त्र प्रयोगशाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीची, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाषेत डेड स्टॉक रजिस्टरची, तपासणी झाली की दरवर्षी एकच प्रश्न पुढे येतो. मागच्या कपाटातली जुनी मीटरे, लाकडी पेट्या आणि वायरींची भेंडोळी निर्लेखित करून भंगारवाल्याला द्यायची की ठेवायची? याचे एका शब्दात उत्तर नाही. काही वस्तू जपून ठेवण्यासारख्या आहेत, काही थोड्या मेहनतीने पुन्हा कामाला येतील आणि काहींना मुलांनी बोटही लावू नये. कोणती कशात मोडते, ते ठरवण्यापुरती माहिती या लेखात देत आहे.

हा प्रश्न शाळेपुरता राहिलेला नाही. आपल्या डिचोली भागात अनेक घरांतले आजोबा, काका खाणींवर किंवा मांडवीतल्या बार्जींवर इलेक्ट्रिशियन होते. खाणी २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली बंद झाल्या. त्या काळात आणि निवृत्तीनंतर त्यांची हत्यारे घरी आली आणि माळ्यावर गेली. पेडणेच्या बाजूलाही जुन्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांतले सामान असेच पडून आहे. मुले ते शोधून काढतात आणि खोलायला बसतात. कुतूहल चांगलेच, पण यातली काही यंत्रे बंद असतानाही झटका देऊ शकतात. म्हणून लिहिणे गरजेचे वाटले.

प्रथम ओळख. यंत्रावरचे नाव बऱ्याच गोष्टी सांगते. काळ्या बेकेलाईटचे, विटेएवढे जड आणि दोन मोठ्या गोल खटक्यांचे मीटर दिसले तर ते बहुधा ‘एव्हो’ असते. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव आले. ब्रिटिश टपाल खात्यातले अभियंता डोनाल्ड मॅकेडी यांना तीन कामांसाठी तीन मीटरे वागवण्याचा कंटाळा आला होता. त्यांच्या कल्पनेतून १९२३ साली हे मीटर बाजारात आले. त्याचे आठवे मॉडेल १९५१ पासून थेट २००८ पर्यंत बनत होते. आपल्याकडच्या यंत्रांत ‘मोटवाने’ हे नाव हमखास सापडेल. स्वातंत्र्यपूर्व काळात काँग्रेसच्या सभांना शिकागो रेडिओचे ध्वनिक्षेपक असत. त्याच मोटवाने घराण्याचा नाशिक रोडला कारखाना आहे. मुंबईचे ‘मेको’ हेही तसेच ओळखीचे नाव. शाळांतले गॅल्व्हॅनोमीटर, मीटर ब्रिज आणि रोधपेट्या बहुतेक करून हरियाणातील अंबाल्याच्या. गोव्यात मात्र आणखी एक थर सापडतो. १९६१ पूर्वी इथे युरोपातला माल थेट येत असे. त्यामुळे जुन्या घरांतून जर्मन ‘सीमेन्स’ किंवा डच ‘फिलिप्स’ची उपकरणे निघतात आणि त्यांच्यावरची अक्षरे इंग्रजी नसतात.

नाव पुसले गेले असले तरी तबकडीच्या कोपऱ्यातली बारीक चिन्हे वाचावीत. फार थोडे लोक ती वाचतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. घोड्याच्या नालासारखे चिन्ह म्हणजे आत कायमचुंबक आणि फिरती कॉईल आहे. सरळ रेघ म्हणजे एकदिश प्रवाह, नागमोडी रेघ म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाह. उलटा ‘टी’ असेल तर मीटर उभे ठेवून वाचायचे, वरून बंद व खालून उघडी चौकट असेल तर आडवे ठेवून. उभ्या मीटरला टेबलावर निजवून ‘काटा शून्यावर येत नाही’ अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. पाच टोकांच्या चांदणीत २ हा आकडा असेल तर त्या यंत्राचे आवरण कारखान्यात २ हजार व्होल्टला तपासलेले होते. ‘होते’ हा शब्द लक्षात ठेवा. आज त्या रबराची आणि कापडी वेष्टनाची काय अवस्था आहे ते चांदणी सांगत नाही.

कुठे १.५ किंवा २.५ असा सुटा आकडा असतो. तो अचूकतेचा वर्ग. १.५ म्हणजे पूर्ण पट्टीच्या दीड टक्का चूक चालू शकते. ३०० व्होल्टच्या मीटरवर ही चूक साडेचार व्होल्ट झाली. २३० व्होल्ट मोजताना ती नगण्य आहे. पण त्याच पट्टीवर ३० व्होल्ट मोजले तर साडेचार व्होल्ट म्हणजे तब्बल १५ टक्के. म्हणून काटा पट्टीच्या उजव्या भागात येईल अशी रेंज निवडावी, असे तुमचे सर-बाई सांगतात.

शेवटचा आकडा ‘ओहम प्रति व्होल्ट’. मी हिंदी माध्यमात शिकलो, त्यामुळे माझ्या तोंडी अजून ‘प्रतिरोध’ येतो आणि वर्गात हशा होतो. तुमच्या पुस्तकात तो ‘रोध’ आहे, गोष्ट तीच. ९ व्होल्टच्या बॅटरीला १० हजार ओहमचे दोन रोध एकसरीत जोडा. एकावरचे विभवांतर साडेचार व्होल्ट असायला हवे. हजार ओहम प्रति व्होल्टचे जुने मीटर १० व्होल्टच्या रेंजवर लावले तर ते ३ व्होल्टच दाखवील, कारण मीटर स्वतःच १० हजार ओहमचा रोध होऊन समांतर बसते. २० हजार ओहम प्रति व्होल्टचे मीटर सुमारे ४.४ दाखवील. आजचे डिजिटल मीटर जवळजवळ साडेचार. तिन्ही मीटरे आपापल्या परीने खरे बोलत आहेत! बारावीच्या विद्यार्थ्यांनी हा प्रयोग करून पाहावा. त्यासाठी तरी एक जुने मीटर शाळेत असावे, असे माझे मत आहे.

लाकडी पेटीत पितळी खुंट्या असलेली ‘पोस्ट ऑफिस बॉक्स’ पाहून मुले विचारतात, हिचा टपालाशी काय संबंध? ब्रिटिश टपाल खात्याकडे तारयंत्रणा होती. मैलोन्मैल गेलेल्या तारेत बिघाड कुठे झाला, ते तारेचा रोध मोजून काढत. त्या कामासाठी व्हीटस्टन ब्रिज एका पेटीत बसवला, तीच ही पेटी. आपल्या देशातली तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, पेटी मात्र प्रयोगशाळांत राहिली. घरी समई चिंचेने घासतात तशा या खुंट्या घासू नयेत. पॉलिश पेपर तर मुळीच नको. खुंटी आणि तिचे भोक एकमेकांत घट्ट बसतात म्हणूनच रोध बरोबर येतो. स्वच्छ सुती फडक्यावर थोडे स्पिरिट घेऊन पुसणे पुरे. वरचा काळा पत्रा एबोनाईटचा असेल आणि उन्हाने हिरवट-तपकिरी झाला असेल तर त्यावर आम्लाचा सूक्ष्म थर बसतो व त्यातून प्रवाह गळतो. किंचित ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडा करावा आणि पेटी खिडकीपासून दूर ठेवावी.

हाताने दांडा फिरवायचा ‘मेगर’ अनेकांच्या घरी निघेल. १९०३ साली लंडनच्या एव्हरशेड अँड विग्नोल्स या कंपनीने हे नाव नोंदवले. आता ते यंत्राचेच नाव झाले आहे. मोटरच्या किंवा केबलच्या वेष्टनातून वीज गळते का, ते यावर कळते. जुन्या मेगरचा काटा ठेवून दिल्यावर कुठेही थांबतो. ‘काटा परत येत नाही, बिघडला’ म्हणून कितीतरी चांगले मेगर भंगारात गेले असतील. त्यात काटा मागे ओढणारी स्प्रिंगच नसते! दोन कॉईल एकमेकींशी ओढाताण करून काटा ठरवतात. दांडा फिरवताना तारा सुट्या असतील तर काटा अनंतावर जायला हवा, एकमेकींना जोडल्या तर शून्यावर. तसे झाले तर यंत्र शाबूत आहे. पण हा दांडा साधारण ५०० व्होल्ट निर्माण करतो. मित्राच्या हातात तारा देऊन दांडा फिरवण्याची ‘गंमत’ कोणी करू नये. लांब केबल मेगरने तपासली तर ती विद्युतभारित होऊन राहते आणि नंतर हात लावणाऱ्याला जबर झटका देते. टीव्ही किंवा संगणकासारखी उपकरणे तर मेगरने कधीच तपासू नयेत.

आता दुरुस्तीकडे वळू. एक रेषा आधीच आखून घ्या. ज्या यंत्राला मेन लाईनची वायर आहे, म्हणजे ऑसिलोस्कोप, व्हॉल्व्हचे व्होल्टमीटर, सिग्नल जनरेटर, ते विद्यार्थ्याने खोलायचे नाही. शिक्षक शेजारी उभे असले तरी नाही. ऑसिलोस्कोपच्या नळीला हजार-दोन हजार व्होल्ट लागतात आणि आतले कंडेन्सर प्लग काढल्यावरही भार धरून ठेवतात. जुने कागदी कंडेन्सर गळके झालेले असतात, इलेक्ट्रोलिटिक सुकलेले. वीस वर्षे बंद असलेले यंत्र ‘चालते का बघू’ म्हणून सरळ सॉकेटमध्ये घालणे हा सगळ्यात वाईट मार्ग. जाणकार इलेक्ट्रिशियन आधी कंडेन्सर योग्य रोधातून रिकामे करतो (पेचकसाने ठिणगी काढत नाही), खराब झालेले बदलतो आणि मग सिरीज बोर्डवर यंत्र लावतो. सिरीज बोर्ड म्हणजे वाटेत १०० वॉटचा साधा तारेचा बल्ब. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि यंत्र वाचते. पण बल्ब माणसाला झटक्यापासून वाचवत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच.

बॅटरीवर चालणारी मीटरे आणि गॅल्व्हॅनोमीटर मात्र नववीपासूनची मुले शिक्षकांच्या देखरेखीखाली स्वच्छ करू शकतात. सुरुवात सेलच्या कप्प्यापासून करा. साधा जस्त-कार्बनचा सेल फुटला असेल तर तो पांढरा थर आम्लधर्मी असतो. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावा. अल्कलाईन सेल फुटला असेल तर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर. बोळा जवळजवळ कोरडा असू दे, हातमोजे घाला. एव्होला दीड व्होल्टच्या सेलबरोबर १५ व्होल्टची छोटी बॅटरीही लागते. ती आता सहज मिळत नाही. ३ व्होल्टचे पाच बटण सेल एकसरीत ठेवून काम भागते.

काटा हलतो का ते पाहायला मीटर हळूच कलते करा. काटा मोकळा डोलला आणि परत आला तर अर्धी लढाई जिंकली. मग प्रवाह देऊन पाहा, पण दुसऱ्या मल्टीमीटरच्या ओहम रेंजने गॅल्व्हॅनोमीटर तपासू नका. केसाहून बारीक तार त्यात जळू शकते. दीड व्होल्टचा सेल आणि १ लाख ओहमचा रोध एकसरीत घ्या. यातून १५ मायक्रोअँपिअर जातात. ५० मायक्रोअँपिअरचे मीटर असेल तर काटा पट्टीच्या तिसऱ्या हिश्श्याजवळ येईल. शाळेतला गॅल्व्हॅनोमीटर इतका नाजूक नसतो, तिथे काटा जेमतेम हलेल. मग रोध हळूहळू कमी करत जावा.

मीटर उघडावे लागलेच तर स्वच्छ पांढऱ्या कागदावर उघडा. वर्कशॉपच्या टेबलावर नको. कानशीचा आणि ग्राइंडरचा लोखंडी चुरा चुंबकाच्या फटीत शिरला की काटा अडतो. तो फुंकून किंवा हवेच्या झोताने निघत नाही, आणखी आत जातो. चिकटपट्टीच्या अरुंद तुकड्याने टिपून घ्यावा. चुंबक आणि कॉईल कधीही वेगळी करू नये, चुंबकाची शक्ती कायमची उतरते. प्लॅस्टिकच्या काचेवर कोरडे फडके घासले की स्थिर विद्युत तयार होऊन काटा वेडावाकडा वागतो. साबणाच्या पाण्याचा एक थेंब बोटाने पसरून पुसावा, थिनर नको. गॅल्व्हॅनोमीटर एका खोलीतून दुसरीकडे नेताना त्याची दोन टोके तारेने जोडून टाका. मग काटा कमी हेलकावतो. असे का होते, ते बारावीच्या मुलांनी लेन्झच्या नियमावरून सांगावे.

काही वस्तूंना मात्र दुरुस्ती नाही. काचेचा इंग्रजी ‘एच’ आकाराचा प्रमाण सेल मिळाला तर त्यात पारा आणि कॅडमियम असते. उघडायचा नाही, हलवायचा नाही, शिक्षकांना कळवायचे. महायुद्धकालीन लष्करी मीटरांचे काही आकडे रेडियमच्या रंगाने रंगवलेले असत. आता ते अंधारात चमकत नाहीत, म्हणून निर्धोक समजू नका. चमक देणारे रसायन थकते. रेडियमचे अर्धे आयुष्य १६०० वर्षांचे आहे. असे मीटर खरवडू नये, उघडूही नये. जुन्या सेलेनियम रेक्टिफायरमधून कुजलेल्या मुळ्यासारखा वास आला तर प्लग काढून खोलीबाहेर यावे. जुन्या बेकेलाईटला आणि तापणाऱ्या तारांच्या पांढऱ्या वेष्टनाला पॉलिश पेपर मारू नये, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते.

पालकांना एक आग्रहाची विनंती. आजोबांचे मीटर कितीही उत्तम चालत असले तरी घरातल्या सॉकेटमध्ये त्याच्या तारा घालू देऊ नका. आजच्या मीटरवर ‘कॅट ३’ अशी सुरक्षेची श्रेणी छापलेली असते, जुन्यावर नसते. खटका चुकून अँपिअरवर राहिला आणि तारा सॉकेटमध्ये गेल्या तर तो सरळ शॉर्ट सर्किट असतो, तोही हातातच. चवथीच्या माळा तपासायला नवे मीटर आणा. जुने सेलवरच्या प्रयोगांसाठी, ३० व्होल्टच्या आतच वापरा. तडकलेल्या रबरी तारा आधी बदला. पावसाळ्यात मीटर कपाटात ठेवण्यापूर्वी सेल काढा, सिलिका जेलची पुडी ठेवा.

विश्वस्तांसाठी माझा प्रस्ताव असा. नोंदवहीतली जुनी यंत्रे तीन याद्यांत विभागावीत. पोस्ट ऑफिस बॉक्स, मेगर आणि चालू स्थितीतली काट्याची मीटरे निर्लेखित करू नयेत. मेन लाईनवरची यंत्रे जाणकाराकडून तपासून घ्यावीत; तोपर्यंत त्यांचे प्लग कापून कपाटाला कुलूप लावावे. पारा, रेडियम किंवा ॲस्बेस्टॉसची शंका असलेल्या वस्तू स्वतंत्र बंद पेटीत ठेवून त्यांची विल्हेवाट लेखी सल्ल्यानेच व्हावी. उरलेले सामान अधिकृत ई-कचरा संकलकाकडे पावती घेऊन द्यावे. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. फेरीवाला तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळतो आणि तो धूर आपल्याच मुलांच्या नाकात जातो.

ज्या विद्यार्थ्यांच्या घरी असे एखादे यंत्र असेल त्यांनी ते न उघडता, सेल काढून, पालकांच्या चिठ्ठीसह प्रयोगशाळेत दाखवायला आणावे. जड असेल तर नुसते तबकडीचे छायाचित्र आणले तरी चालेल. कोपऱ्यातली चिन्हे मात्र स्पष्ट दिसली पाहिजेत.