जुन्या क्रॉलर ट्रॅक्टरची तेलगळती
बांधबंदिस्तीच्या कामावरील जुन्या क्रॉलर ट्रॅक्टरच्या साखळीचक्रापाशी तेल गळू लागले की बहुधा नुसते सील बदलले जाते, आणि गळती पुन्हा सुरू होते. दोष पुष्कळदा झिजलेल्या हाउसिंगचा असतो. तेल जाते त्याच वाटेने चिखल आत शिरून गिअर खातो. प्रथम बेअरिंगची ढिलाई काढावी; ती असता कोणतेही सील टिकत नाही. सीलची बैठक झिजून मोठी झाली असल्यास ती कारखान्यात कातून घेऊन तीत पोलादी बुश घट्ट बसवावा. नुसता चिकट लेप लावणे ही फसवणूकच होय. शाफ्टवरील चर नखाला लागत असेल, तर तेथेही पातळ बुश चढवावा. सीलची स्प्रिंगची बाजू तेलाकडे असावी. हवेचे छिद्र चिखलाने बुजलेले नाही ना, हेही पाहावे. अन्यथा तापल्यावर वाढलेला दाब नव्या सीलमधूनही तेल बाहेर लोटतो.