इन्क्रेडिबल की इन्क्रेड्युलस?



इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य हमखास भेटते : ‘बातमी ऐकून आय वॉज इन्क्रेडिबल.’ लिहिणाऱ्याला म्हणायचे असते, ‘माझा विश्वासच बसेना.’ प्रत्यक्षात अर्थ होतो, ‘मी काय अफलातून होतो!’ इथे हवा असलेला शब्द आहे इन्क्रेड्युलस.

फरक सोपा आहे. ज्या गोष्टीवर विश्वास बसत नाही ती गोष्ट इन्क्रेडिबल. ज्या माणसाचा विश्वास बसत नाही तो माणूस इन्क्रेड्युलस. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर भारताने अवघ्या १८३ धावा केल्या आणि तरीही बलाढ्य वेस्ट इंडिजला १४० धावांत गुंडाळून विश्वचषक जिंकला. तो विजय इन्क्रेडिबल होता. तो पाहणारे प्रेक्षक इन्क्रेड्युलस होते. माणसाची नजर, हसू किंवा आवाजही इन्क्रेड्युलस असू शकतो, कारण त्यातून त्याचा अविश्वास दिसतो.

घोटाळा होण्याचे कारण आपल्या भाषेत आहे. आपण ‘विश्वास बसेना’ असे क्रियापदाने सांगतो; हिंदीतही ‘यकीन नहीं हुआ’ म्हणतो. गोष्टीसाठी ‘अविश्वसनीय’ हे विशेषण आहे, पण तशा माणसासाठी सुटसुटीत विशेषण सापडत नाही. ‘अविश्वासू’ म्हणावे तर अर्थच उलटतो : ज्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही असा माणूस! म्हणून शब्दाला शब्द न शोधता पूर्ण वाक्याचा अर्थ लावावा.

दोन्ही शब्दांच्या मुळाशी विश्वास ठेवणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. ‘मी विश्वास ठेवतो’ याला लॅटिनमध्ये ‘क्रेडो’ म्हणतात. बँकेतले ‘क्रेडिट’ त्याच घराण्यातले. आपली ‘श्रद्धा’ आणि हा ‘क्रेडो’ एकाच प्राचीन मुळातून आल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात. शेक्सपियरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’ या नाटकात मात्र इन्क्रेड्युलस हा शब्द माणसासाठी नव्हे, तर परिस्थितीसाठी आला आहे. आज परीक्षेत तसे लिहिल्यास ती चूकच धरली जाईल.

याच घराण्यातला तिसरा शब्दही लक्षात ठेवा : क्रेड्युलस, म्हणजे सांगाल ते खरे मानणारा भोळा. ‘युनेस्कोने आपले राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवले’ हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. युनेस्कोने असे काही जाहीर केलेलेच नाही. तरी अभिमानाची गोष्ट म्हणून सुशिक्षित मंडळीही तो पुढे पाठवतात. राष्ट्रगीताचा मान अशा खोट्या प्रशस्तिपत्रावर अवलंबून नाही. संदेश वाचून जो क्षणभर इन्क्रेड्युलस होतो, तोच खरे-खोटे तपासतो. मात्र नुसती मान हलवून अविश्वास दाखवणे पुरेसे नाही. त्यापुढे शोध घ्यावा लागतो.

म्हणून पालकांना एक विनंती. मुलाने ‘खरंच का? कशावरून?’ असे विचारले तर त्याला उद्धट समजून गप्प करू नका. उत्तर ठाऊक असेल तर सांगा, नसेल तर त्याच्यासोबत पुस्तक उघडा. आणि विद्यार्थ्यांनो, आज वहीत दोन वाक्ये लिहा : एक इन्क्रेडिबल गोष्टीचे, एक इन्क्रेड्युलस माणसाचे. वर्गात दाखवा, आम्ही तपासून देऊ.