हिरव्या रसाचा लाल उजेड

पालकाची पानं कुस्करून थोड्या स्पिरिटमध्ये भिजवली, की हिरवागार रस तयार होतो. (पालकाची म्हणजे भाजीची हं, आईबाबांना कुस्करू नका!) आता खोलीत अंधार करून त्या रसावर नोटा तपासायची जांभळी टॉर्च धरा. काय दिसतं? रस चक्क लाल उजळतो!

पानातलं हरितद्रव्य जांभळा प्रकाश गिळतं. त्यातली थोडी ऊर्जा उष्णता होऊन निसटते. उरलेल्या ऊर्जेत जांभळा प्रकाश परवडत नाही, म्हणून काही भाग कमी ऊर्जेचा लाल प्रकाश होऊन बाहेर पडतो. हे सगळं काही अब्जांश सेकंदांत! टॉर्च बंद, की उजेडही गायब. याला म्हणतात प्रतिदीप्ती. पानांच्या रसातला हा लाल उजेड शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८३४ च्या सुमारास नोंदवला. सिंकोना झाडाच्या सालीतलं क्विनाइन हे द्रव्य मात्र निळं चमकतं. म्हणजे पदार्थ बदलला, की चमकही बदलते.

इथेच पोलिसांचे कान टवकारतात. समजा, एका पुडीत सुका हिरवट चुरा सापडला. गांजा आहे की कसुरी मेथी? गांजा बाळगणं आपल्याकडे गुन्हा, मेथी बाळगणाऱ्याला फार तर पराठे करावे लागतील! अशा चुऱ्यावर ठरावीक रंगाचा लेझर सोडून बघता येतो. परत येणारी चमक एक यंत्र वेगवेगळ्या रंगांत विभागतं आणि कुठला रंग किती, याचा आलेख काढतं.

पण थांबा, हरितद्रव्य तर मेथीतही असतं! म्हणून नुसता लाल रंग बघून भागत नाही. वनस्पतीतली इतर द्रव्यंही निळी-हिरवी चमकतात. या सगळ्या रंगांचं प्रमाण ओळखीच्या आलेखांशी ताडून बघतात. पान सुकलं, जुनं झालं, की हे प्रमाणही बदलतं. खरी डोकेदुखी तीच. त्यामुळे लेझरनं फक्त संशय घ्यायचा, निकाल प्रयोगशाळेतल्या रासायनिक तपासणीनंच द्यायचा. तरी एक मोठा फायदा आहे: चुरा विरघळवावा किंवा जाळावा लागत नाही, पुरावा जसाच्या तसा राहतो.

आता पालकाऐवजी चिमूटभर हळद घेऊन बघा आणि कोणता रंग चमकतो ते आम्हाला कळवा. स्पिरिट मोठ्यांनाच ओतू द्या, तेही गॅसपासून लांब. टॉर्च कुणाच्या डोळ्यांवर मारू नका. आणि लेझरला तर हातच लावू नका!