गाडी भाड्याने द्यायची आहे? धुण्याआधी हे तपासा

धर्माबादसारख्या गावात घरी कार असली की मागायला लोक येतातच. कुणाला लग्नाला जायचं असतं, कुणाला लेकराच्या अक्षराभ्यासासाठी बासरला, कुणाला निजामाबादच्या दवाखान्यात. "डिझेल आमचं, वरून दोन हजार घ्या" असं कुणी म्हटलं की मनात येतं, दारात उभीच तर असते, तेवढाच हप्त्याला हातभार!

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे गावाकडचे मित्र मला विचारतात, "कोणता जीपीएस बसवू? कोणत्या ॲपवर टाकू?" माझं उत्तर एकच असतं. जीपीएस नंतर, आधी कागद. कारण गाडी कुणीही चालवो, आरसीवर नाव तुमचं आहे.

१. नंबरप्लेटचा रंग काय सांगतो?

आपली घरची एमएच २६ गाडी म्हणजे पांढरी प्लेट, काळी अक्षरं. याचा अर्थ खासगी वापर. पिवळी प्लेट, काळी अक्षरं म्हणजे ड्रायव्हरसह चालणारी टॅक्सी. काळी प्लेट, पिवळी अक्षरं म्हणजे भाडेकरूने स्वतः चालवायची 'सेल्फ ड्राइव्ह' गाडी. (इलेक्ट्रिक गाड्यांना हिरवी प्लेट असते. खासगीला पांढरी अक्षरं, व्यावसायिकला पिवळी.)

पांढऱ्या प्लेटची गाडी पैसे घेऊन दिली, तर ती परमिटशिवाय व्यावसायिक वापरात आली असं धरलं जाऊ शकतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२-अ नुसार पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

२. विम्याची पीडीएफ उघडा

हे काम आत्ता मोबाइलवरच करा. पॉलिसीच्या पीडीएफमध्ये 'लिमिटेशन्स ॲज टू यूज' हा भाग शोधा. खासगी कारच्या पॉलिसीत तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं की 'हायर ऑर रिवॉर्ड', म्हणजे भाडं किंवा मोबदला घेऊन केलेला वापर, यात धरलेला नाही.

याचा अर्थ काय? भाडेकरूने गाडी ठोकली तर दुरुस्तीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. पण खरी भीती त्याहून मोठी आहे. अपघातात दुसऱ्या कुणाचा जीव गेला, तर नुकसानभरपाईला ठरलेली कमाल मर्यादा नसते. अशा वेळी न्यायाधिकरण अनेकदा विमा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं आणि नंतर ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. दोन हजारांच्या भाड्यापायी शेत विकायची वेळ येऊ शकते.

"पण पैसे घेतले हे कळणार कसं? मित्राला दिली म्हणून सांगू." हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय. त्यांनी केरळचं उदाहरण बघावं. डिसेंबर २०२४ मध्ये अळप्पुळजवळ कळरकोड इथे एक टवेरा एसटीसारख्या सरकारी बसवर आदळली आणि वैद्यकीय शिक्षण घेणारे सहा विद्यार्थी गेले. गाडी ओळखीतून दिली, असं मालकाचं म्हणणं होतं. पण एका विद्यार्थ्याने त्याला यूपीआयने १,००० रुपये पाठवल्याची नोंद तपासात सापडली. डिजिटल व्यवहार पुसता येत नाही, हे लक्षात ठेवा.

३. मग कायदेशीर मार्ग कोणता?

तीन मार्ग आहेत.

पहिला, पैसे न घेता नातेवाइकाला किंवा मित्राला देणं. यात भाड्याचा प्रश्न येत नाही. मात्र चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स हवंच. विनालायसन्स माणसाला गाडी दिली तर कलम १८० नुसार मालकालाही ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अल्पवयीन मुलाने चालवली, तर पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, शिवाय गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द.

दुसरा, गाडी टॅक्सी म्हणून करून घेणं. त्यासाठी नांदेडच्या आरटीओत नोंदणीचा प्रकार बदलावा लागतो. परमिट, फिटनेस आणि व्यावसायिक विमा घ्यावा लागतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी लागते.

तिसरा, सेल्फ ड्राइव्ह. इथे मोठी अडचण आहे. केंद्राच्या १९८९ च्या 'रेंट अ कॅब' योजनेत लायसन्ससाठी किमान ५० गाड्यांची अट आहे. म्हणजे एका गाडीवर तुम्ही स्वतःची सेल्फ ड्राइव्ह कंपनी काढू शकत नाही. मोठ्या शहरांत काही ॲप्स लोकांच्या गाड्या लावून घेतात. तिथे गाडी देण्याआधी तीन प्रश्न लेखी विचारा: प्लेट कोणती लागेल? भाड्याच्या काळात विमा कोणाचा आणि तो भाड्याच्या वापराला चालतो का? अपघात झाला तर भरपाई कोण देणार? उत्तर गोलमोल आलं तर तिथून निघा.

४. गाडीची मेमरी साफ करा

कागद झाले, आता तंत्रज्ञानाकडे येऊ. हे गाडी भाड्याने देताना लागतंच, पण पाहुण्याला देताना किंवा विकतानाही लागतं.

ब्लूटूथने फोन जोडताना 'कॉन्टॅक्ट्स शेअर करू का?' असं विचारतं आणि आपण 'हो' दाबतो. त्यानंतर तुमची फोनबुक आणि कॉल्सची यादी गाडीच्या स्क्रीनच्या मेमरीत जाऊ शकते. मी बऱ्याच जुन्या गाड्यांच्या स्क्रीनवर आधीच्या मालकाच्या फोनचं नाव तसंच पाहिलंय. गाडीत स्वतःचा नकाशा असेल, तर त्यात 'होम' म्हणून घराचा पत्ताही असतो.

म्हणून सेटिंग्जमध्ये जाऊन जोडलेले सगळे फोन काढा आणि 'फॅक्टरी रिसेट' करा. डॅशकॅमचं मेमरी कार्ड काढून घ्या. डिकीत किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये आधारची झेरॉक्स, बँकेची कागदपत्रं ठेवू नका.

५. ट्रॅकर कसं काम करतं?

ट्रॅकर उपग्रहांवरून स्वतःची जागा काढतो आणि आतल्या सिमच्या इंटरनेटने ती सर्व्हरला पाठवतो. तेच तुम्हाला ॲपवर दिसतं. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमध्ये खोचायचा ट्रॅकर लावायला सोपा, पण काढायलाही तितकाच सोपा. वायरिंगला जोडलेला लपवता येतो.

'जिओफेन्स' म्हणजे नकाशावर काढलेलं कुंपण. गाडी बाहेर गेली की सूचना येते. धर्माबादकरांनी इथे थोडं डोकं वापरावं. आपण सीमेवर आहोत, कुंपण महाराष्ट्रापुरतं ठेवलं तर बासरला गेलेल्या प्रत्येक गाडीवर फोन वाजत राहील. कुंपण ठरलेल्या प्रवासाएवढं ठेवा. आणि ट्रॅकर आहे हे गाडी नेणाऱ्याला आधीच सांगा. आतला आवाज किंवा व्हिडिओ चोरून रेकॉर्ड करणं म्हणजे सरळ त्याच्या खासगी आयुष्यात घुसणं.

६. चावी देण्याआधी दहा मिनिटं

• गाडीभोवती फिरून एक सलग व्हिडिओ काढा. चारही बाजू, टायर, काच, स्टेपनी, किलोमीटर आणि इंधनाचा काटा त्यात यायला हवा. परत घेताना पुन्हा तसाच काढा.
• चालवणाऱ्याचं लायसन्स डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवर दाखवायला सांगा. आधार लागलंच तर शेवटचे चार अंक दिसणारं 'मास्क्ड आधार' घ्या आणि काम झाल्यावर ते डिलीट करा.
• आरसी, विमा, पीयूसी यांची मुदत बघा.
• फास्टॅगचे पैसे तुमच्या खात्यातून कापले जातात. टोलचा हिशेब आधीच बोलून घ्या. वार्षिक पास फक्त खासगी वापराच्या गाडीलाच आहे, टॅक्सी केली की तो चालत नाही.
• चावी दिल्या-घेतल्याची तारीख आणि वेळ व्हॉट्सॲपवर लिहून समोरच्याकडून 'ओके' घ्या. ई-चलान मालकाच्या नावावर येतं. त्या वेळी गाडी कोण चालवत होतं, हे सांगायची जबाबदारीही मालकाचीच असते.

थोडक्यात, क्रम असा ठेवा: प्लेट, विमा, मेमरी, ट्रॅकर, व्हिडिओ. पहिल्या दोन गोष्टी जमत नसतील तर पुढच्या तिन्हींवर खर्च करू नका. ओळखीच्या माणसाला गरज असेल तर त्याला गाडी तशीच द्या, किंवा गावातल्या पिवळ्या प्लेटवाल्याचा नंबर द्या. त्याचाही धंदा होईल आणि तुम्हीही रात्री निवांत झोपाल.