बरगड्यांतील चिवट वेदना

१९३३ च्या एप्रिलमध्ये सेंट लुईस येथील बार्न्स रुग्णालयात डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी कर्करोगाने ग्रासलेले अख्खे फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत काढून रोगी वाचविला, आणि छाती उघडण्याचे साहस अमेरिकेत हळूहळू नित्याचे झाले. परंतु जखम भरून दोन-दोन महिने उलटल्यावरही काही रोग्यांच्या कुशीत जी आग व टोचणी मागे उरते, आणि सदरा नुसता घासला तरी जी त्यांना कळवळायला लावते, तिची दखल वैद्यकाने पुष्कळ उशिरा घेतली. बरगड्या फाकविताना त्यांच्या खालच्या कडेने जाणारा मज्जातंतू चेपला जातो, तेथे दाह उत्पन्न होतो, आणि त्या सततच्या माऱ्याने मेरुरज्जू इतका हळवा होतो की मूळ कारण संपल्यावरही तो वेदनेची वर्दी देतच राहतो. तेव्हा दाह प्रारंभीच शमविला तर पुढील व्याधी टळेल, हा तर्क सयुक्तिक खरा.

केटोरोलॅकसारखी स्टेरॉइडविरहित दाहशामक औषधे पहिल्या दिवसांतील दुखणे निश्चित उतरवितात व अफूजन्य औषधांची गरज घटवितात, मात्र दीर्घकालीन वेदना त्यांनी टळते असे म्हणण्याइतका पुरावा नाही. शिवाय मूत्रपिंड व रक्तस्राव यांच्या भयास्तव केटोरोलॅकला पाच दिवसांची मुदत आहे, आणि हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेत तर अमेरिकी औषध प्रशासनाने २००५ साली या वर्गास सक्त मनाई फर्मावली. गाउटवरील जुने कोल्चिसिन (आपल्या कोकणातील कळलावीच्या कंदातही ते असते) निराळ्या मार्गाने दाह आवरते, म्हणून संशोधकांची दृष्टी तिकडेही वळली आहे. तूर्त त्याने जुलाब होतात, एवढे मात्र सिद्ध आहे.