सारकॉइडोसिस: सीटी स्कॅनच्या रिपोर्टवर किती भरवसा ठेवावा?

महिनोन्महिने कोरडा खोकला, चालताना दम लागतो आणि सीटीच्या रिपोर्टमध्ये ‘सारकॉइडोसिसची शक्यता’ लिहिलेले असते. तोच स्कॅन पाहून दुसरे डॉक्टर वेगळे मत देतात, तेव्हा घरचे गोंधळून जातात. असे का होते, ते समजून घेऊ.

सारकॉइडोसिस म्हणजे काय?
या आजारात फुप्फुसात आणि छातीतील लसिका ग्रंथींमध्ये पेशींचे बारीक पुंजके (ग्रॅन्युलोमा) तयार होतात. हा कॅन्सर नाही आणि एकाकडून दुसऱ्याला लागतही नाही.

‘स्टेज ४’ वाचून घाबरू नका
स्कॅडिंग या ब्रिटिश डॉक्टरांनी १९६१ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार आजही एक्स-रेवरून ० ते ४ असे टप्पे सांगतात. पहिल्या टप्प्यात फक्त ग्रंथी सुजलेल्या दिसतात, चौथ्यात फुप्फुसावर व्रण (फायब्रोसिस) दिसतात. हे कॅन्सरचे टप्पे नव्हेत. रुग्ण एकेक पायरी चढत जातो असेही नाही. पहिल्या टप्प्यातील बऱ्याच जणांचा आजार औषधाविनाच ओसरतो.

मते का बदलतात?
सीटीत एक्स-रेपेक्षा बारीक तपशील दिसतो. २०२४ मध्ये अनेक देशांतील तज्ज्ञांनी सीटीवरचे सात नमुने ठरवले. त्यांचे मुख्य गट दोन: व्रण नसलेले आणि व्रण असण्याची शक्यता असलेले. पण नमुना ओळखतो तो शेवटी माणसाचा डोळा. चित्र ठळक असेल तर मते सहसा जुळतात. व्रण अगदी सौम्य असतील किंवा एकाच फुप्फुसात दोन-तीन नमुने मिसळले असतील, तर अनुभवी रेडिओलॉजिस्टांतही मतभेद होतात. म्हणून नमुन्याचे नाव हे तज्ज्ञाचे मत समजा, अंतिम निदान नव्हे.

आपल्या भागात जास्त काळजी का?
चंद्रपूर-गडचिरोलीत टीबी आजही आढळतो आणि स्कॅनवर तो सारकॉइडोसिससारखा दिसू शकतो. टीबी असताना नुसते स्टेरॉइड दिले तर तो बळावू शकतो. उलट, टीबी नसताना त्याच्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर त्रासच होतो. दगडखाण, क्रशर किंवा कोळसा खाणीत काम केलेल्यांच्या फुप्फुसात धुळीमुळेही असेच दाणे आणि गाठी दिसतात.

तुम्ही काय करावे?
- बेडक्याची सीबीनॅट तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.
- आतापर्यंत केलेली सगळी कामे डॉक्टरांना सांगा, सोडून दिलेलीसुद्धा.
- स्कॅनची सीडी मागून घ्या. मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो पुरेसा नसतो.
- जुने एक्स-रे, जुने स्कॅन टाकू नका. भामरागड, सिरोंच्याहून चंद्रपूर किंवा नागपूरला जाताना सगळे सोबत न्या. दोन स्कॅनमधला फरक एका रिपोर्टपेक्षा जास्त सांगतो.
- फुंकण्याची तपासणी (स्पायरोमेट्री) करा. फुप्फुस किती काम करते, ते त्यातून कळते.
- शंका राहिली तर छातीचे डॉक्टर दुर्बिणीतून तुकडा काढून तपासायला सांगतात. टाळू नका. त्याच तुकड्यावर टीबीचीही तपासणी होऊ शकते.

डोळे लाल होऊन धूसर दिसणे, छातीत धडधड किंवा चक्कर येऊन पडणे, असे काही झाले तर लगेच दाखवा. हा आजार डोळ्यांत आणि हृदयातही उतरू शकतो. स्टेरॉइड चालू असतील तर रिपोर्ट बदलला म्हणून स्वतःहून अचानक बंद करू नका.