पाचशे डॉलरांची बिदागी

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्गसमोर नदीच्या उत्तर तीरावर, गेल्या शतकाच्या आरंभापर्यंत ॲलेघेनी नावाचे एक स्वतंत्र शहर होते. तेथील ॲलेघेनी ॲथलेटिक असोसिएशन आणि पैलतीरावरील पिट्सबर्ग ॲथलेटिक क्लब या दोन संस्थांमध्ये १८९२ साली असे काही वैर पेटले होते, की त्या वर्षीचा त्यांचा पहिला सामना ६–६ असा बरोबरीत सुटल्यावर दोघांनाही दुसऱ्या सामन्यापूर्वी चैन पडेना. धंदेवाईक अमेरिकन फुटबॉलचा उगम शोधू जाता आपण याच वैराशी येऊन पोहोचतो.

हा खेळ मुळात विद्यापीठांचा. रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यामध्ये १८६९ साली झालेल्या सामन्यापासून त्याची वंशावळ सांगतात; पुढे येल विद्यापीठाच्या वॉल्टर कँपने १८८० पासूनच्या काही वर्षांत अकरा खेळाडूंचा संघ, चेंडू एका संघाच्या निर्विवाद ताब्यात ठेवणारी रेषा आणि तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकण्याची अट हे नियम प्रचारात आणले, तेव्हा त्याला रग्बीहून निराळे रूप प्राप्त झाले. पदवी घेऊन बाहेर पडलेले तरुण शहरोशहरीच्या क्रीडासंस्थांत दाखल झाले आणि आपल्याबरोबर हा खेळ घेऊन आले. परंतु या संस्था हौशी खेळाडूंच्या राष्ट्रीय महासंघाला बांधलेल्या होत्या, आणि खेळासाठी पैसा घेणे हा त्या महासंघाच्या लेखी केवळ नियमभंग नव्हता, तो कुलीनतेला लागलेला बट्टा होता. ज्याला घरी उत्पन्न आहे त्याला असे व्रत पाळणे अवघड नसते; ज्याला ते नाही त्याच्यासाठी मग आडवाटा निघाल्या. विजयी खेळाडूला बक्षीस म्हणून घड्याळ द्यावे, ते त्याने गहाण ठेवून रोकड घ्यावी, संस्थेने ते सोडवून पुढील सामन्यानंतर पुन्हा त्यालाच बहाल करावे, असाही एक रिवाज पडला होता. प्रवासखर्चाची रक्कम दुप्पट लावण्याचा मार्ग तर त्याहून सोपा होता.

अशा वातावरणात ॲलेघेनीच्या कारभाऱ्यांची दृष्टी विल्यम हेफेलफिंगर या येलच्या माजी खेळाडूवर गेली. १८८९ पासून सलग तीन वर्षे देशातील सर्वोत्तम खेळाडूंत निवडला गेलेला हा धिप्पाड गडी त्या हंगामात शिकागोच्या संघातून खेळत होता. १२ नोव्हेंबर १८९२ रोजी ॲलेघेनीच्या रिक्रिएशन पार्कवर तो आपल्या दोन शिकागोकर सहकाऱ्यांसह अवतरला, तेव्हा पिट्सबर्गकरांनी तक्रार करून मैदान सोडले. वास्तविक त्यांनी स्वतःही आदल्या सामन्यात एका महाविद्यालयीन कर्णधाराला खोट्या नावाने उतरवले होते, त्यामुळे त्या संतापाला नैतिक वजन फारसे नव्हते. वादावादीत दिवस कलला. अखेर सामन्यावरील सर्व पैजा रद्द समजाव्यात या बोलीवर खेळ सुरू झाला. हेफेलफिंगरने प्रतिपक्षाच्या हातून निसटलेला चेंडू उचलून थेट अंतिम रेषेपार नेला, त्या काळी अशा टचडाऊनचे चार गुण मिळत, आणि ॲलेघेनी ४–० असा विजयी झाला.

जे तोंडाने कोणी कबूल केले नाही ते जमाखर्चाच्या कागदाने जपून ठेवले. त्या कागदावर तिघा पाहुण्यांच्या प्रवासाचे ७५ डॉलर एका ओळीत आहेत, आणि त्याखेरीज हेफेलफिंगरला खेळल्याबद्दल रोख ५०० डॉलर दिल्याची निराळी नोंद आहे. सर्व खर्च वजा जाता संस्थेला ६२१ डॉलर निव्वळ नफा उरला. बाहेर हौशीपणाची शपथ घेणाऱ्या संस्थेत हिशेब लिहिणाऱ्या हाताने मात्र खरे तेच लिहिले, याबद्दल मला त्या अज्ञात कारकुनाविषयी आदर वाटतो. हा दस्तऐवज उजेडात येईपर्यंत अनेक दशके पहिल्या धंदेवाईकाचा मान जॉन ब्रॅलियरकडे होता. १८९५ साली लॅट्रोब गावाच्या संघातून एक सामना खेळण्यासाठी दहा डॉलर आणि खर्च घेतल्याचे त्याने उघडपणे सांगितले होते. पुढे तो दंतवैद्य झाला. त्याच लॅट्रोबने १८९७ साली संपूर्ण हंगाम पगारी खेळाडूंनिशी खेळून दाखवला.

नंतर या खेळाचे केंद्र शेजारच्या ओहायो राज्यात सरकले. मॅसिलन आणि कँटन या गावांनी चांगले खेळाडू आणण्यासाठी तिजोऱ्या इतक्या रित्या केल्या, की १९०६ सालच्या पैजेच्या आरोपानंतर दोन्हीकडचा उत्साह काही वर्षे मावळला. चढते मेहनताने, एका संघाशी बोली करून दुसऱ्याकडे पळणारे खेळाडू आणि टोपणनावाने खेळणारे विद्यार्थी, या तीन दुखण्यांवर उपाय शोधण्यासाठी १७ सप्टेंबर १९२० रोजी कँटन येथे राल्फ हे यांच्या मोटारींच्या दुकानात संघांचे प्रतिनिधी जमले. पुढे १९२२ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग हे नाव धारण करणारी संघटना तेथे आकारास आली.

तिचे अध्यक्षपद जिम थॉर्पकडे सोपवण्यात आले. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकलेल्या या आदिवासी वंशाच्या खेळाडूने त्यापूर्वी बेसबॉलच्या दुय्यम संघातून खेळताना अल्पसा मोबदला घेतला होता, एवढ्याच कारणास्तव हौशी महासंघाने त्याला दोषी ठरवले आणि १९१३ साली त्याची पदके काढून घेण्यात आली. १९१५ मध्ये कँटनने त्याला उघडपणे, दर सामन्याला २५० डॉलर देऊन, आपल्या संघात घेतले होते.